तीन दातांची वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

राखी, ही वही कुठून आली असा प्रश्न तुला पडणार, म्हणून आधीच सांगून टाकते. तूच आणलीस. मागच्या सुट्टीत नागपूरहून आलीस, माझ्या मांडीवर ठेवलीस, ‘आजी, रोजचं सांगत जा, कुणाकडून तरी लिहून घे, मी येऊन वाचीन’ म्हणालीस, आणि जाताना चष्मा, टॉवेल अन् दिलेला शब्द तिन्ही इथेच विसरून गेलीस. चष्मा तुझ्या आईने पाठवला. टॉवेल तुझा बाप वापरतो. शब्द मी ठेवून घेतला.

लिहितात शेजारच्या सुनंदाताई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवायची खाज गेली नाही. जेवणं झाली की आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसतात. मला अक्षर येत नाही अन् त्यांना गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमलं. ‘जिजाबाई, तुमचं बोलणं जरा सरळ करून लिहू का?’ म्हणाल्या. मी म्हटलं, माझं करा, मी कुठं वाचणार आहे. बाकीच्यांचं मात्र जसं बोलतील तसंच ठेवा.

तर बातमी अशी, की तुझ्या आजोबांच्या मशीनमध्ये घूं शिरली आहे.

तुझ्या बापाने त्यांना ते गाण्याचं सगळं आणून दिलं होतं ना, एक वाजवायचा डबा, एक आवाज मोठा करायचा डबा आणि दोन स्पीकर. त्यावर आपल्या घरी रविवारची बैठक चालायची. सकाळी वंदना, मग एखादं भाषण, नाहीतर कुणी वाचलेलं पुस्तक, शेवटी गाणी. वॉर्डातले लोक आपापली चटई घेऊन येत. पण दिवाळीपासून आजोबा म्हणतात, स्पीकरमधून बारीक ‘घूंऽऽ’ येते, गाणं थांबलं की जास्तच. पाहुण्यांना असं ऐकवायला लाज वाटते. बैठक बंद.

परवा त्यांनी सगळ्यांना स्पीकरपुढे उभं केलं. ‘येते का ऐकू?’

तुझा बाप लोकेश म्हणाला, ‘हौ बाबा, थोडीशी येते.’

तुझी आई पदर सावरून म्हणाली, ‘हौ जी.’

मी म्हटलं, ‘हौ.’

६ फेब्रुवारी, गुरुवार

लोकेश दोन रात्री मोबाइलवर बघत बसला होता. आज जेवताना आम्हाला शिकवणी दिली.

‘माय, आपली वायर साधी हाये. लाल-पांढऱ्या टोकाची. तिच्यात एकाच तारेतून गाणं जाते, वरून जाळी गुंडाळलेली. तिले अनबॅलन्स्ड म्हणतात. दुसरी असते बॅलन्स्ड, तीन दातांची. तिच्यात तेच गाणं दोन तारांतून जाते. एकीतून सुलटं, एकीतून उलटं.’

‘उलटं गाणं कोण ऐकते?’

‘कोणी नाही ऐकत. ऐक तर खरी. रस्त्यात बाहेरचा कचरा आवाज घुसला, तर दोन्ही तारांत सारखाच घुसते. पलीकडं मशीन उलट्याले सुलटं करते अन् दोन्ही जोडते. गाणं गाण्यात मिळते अन् कचरा कचऱ्याले कापते.’

मी घास तसाच हातात धरून विचार केला. ‘म्हणजे दोघांनी जे सारखं सांगितलं ते फेकाचं, अन् जे एकमेकांच्या उलट सांगितलं ते खरं धराचं?’

‘बस, तसंच!’

‘मंग तुह्या बाबाचं अन् माह्यं लग्नापासून बॅलन्स्ड हाये.’

लोकेशला ठसका लागला, तुझी आई पदरात हसली. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘भाजी नको आता. बस झाली.’

पूर्वी मी असं काही बोलले की ताटावरून मान न उचलता असा टोला द्यायचे, की मला दुपारपर्यंत उत्तर शोधावं लागायचं. आता वर्ष-दीड वर्ष झालं, माझ्या बोलण्याला उत्तरच नाही. म्हातारपणी रुसायला शिकले. कशावरून रुसले तेही सांगत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

बैठकीला नेहमी येणारे प्रेमलालभाऊ सकाळी काखेत चटई घेऊन दारात उभे. मागच्या रविवारीही आले होते. आजोबा म्हणाले, ‘मशीन बिमार हाये.’ प्रेमलालभाऊ म्हणाले, ‘मशीन राहू द्या, नुसतं बसू.’ आजोबांनी ते मनावर घेतलं नाही, आत निघून गेले. आजोबा जंगल खात्यात मोठे कारकून होते ना, सगळे अजून बडेबाबूच म्हणतात. प्रेमलालभाऊंनी मला विचारलं, ‘बडेबाबू नाराज हायेत का?’ मी काय सांगणार?

राखी, आता एक गोष्ट सांगते, ती घरात कुणाला माहीत नाही. सुनंदाताई, लिहा, अशा बघू नका.

मला घूं ऐकू येत नाही.

पहिल्या दिवसापासून नाही. स्पीकरच्या जाळीला कान लावून पाहिला, आजोबा अंघोळीला गेले तेव्हा. काही नाही. लोकेशला येते, त्याच्या बायकोला येते, एकटी मीच बहिरी. म्हणून ‘हौ’ म्हटलं.

तू म्हणशील, त्यात काय, म्हातारपणी होतं. तुला दोन दारं आहेत बाई, डोळ्याचं अन् कानाचं. मला एकच. बसची पाटी मी वाचली नाही, कंडक्टरची हाक ऐकून बालाघाटहून खैरलांजीला गेले. गोळी कुठली कधी घ्यायची ते एकदा ऐकलं की माझ्यापाशी पक्कं. बाबासाहेबांनी काय सांगितलं, बुद्धाने काय सांगितलं, ते सगळं रविवारच्या चटईवर बसून कानाने घेतलं. माझी सासू शेवटी बहिरी झाली होती. तिच्यासमोर लोक तिच्याच दुखण्याबद्दल बोलायचे, भिंतीसमोर बोलावं तसे. मीही बोलले आहे. ती आमच्या तोंडाकडे पाहायची आणि कुणी हसलं की उशिराने हसायची.

सुनंदाताईंनी इथे पेन खाली ठेवलं. थंडी वाजते म्हणाल्या. अंगणात एवढं ऊन पडलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लोकेशने मशीन विकणाऱ्या दुलीचंदला दुकानातून बोलावून आणलं. तीन दातांची वायर आपल्या डब्यांना बसतच नाही, त्यांना तशी भोकंच नाहीत. दोन्ही डबे बदलावे लागतील.

दुलीचंद आजोबांपुढे हात जोडून म्हणाला, ‘बाबूजी, हाथ भर का तो तार है. घर में अनबॅलन्स्ड ही ठीक है. बॅलन्स्ड लगता है स्टेज पे, जहाँ माइक यहाँ और मशीन मैदान के उस पार. लंबे तार में कचरा घुसता है. इतने-से में क्या घुसेगा?’

आजोबा म्हणाले, ‘ज़रा ज़ोर से बोलो. घुसेगा क्या? घुस गया है! सुनो तुम.’

दुलीचंदने गुडघे टेकून कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग लोकेशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आजोबांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

‘है, बाबूजी. हल्की-सी है.’

म्हणजे दुकानदारालाही येते. झालं माझं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज स्वतःची परीक्षा घेतली. मोरीतला नळ पडवीतून ऐकला. पाल चुकचुकली ती ऐकली. तुझी आई स्वयंपाकघरात फोनवर तिच्या माहेरी हळूच सांगत होती, ‘आमच्या सासूबाई चहात साखर ओततात, डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी.’ अक्षर न् अक्षर ऐकलं. चहा आला तेव्हा तिच्यासमोर एक चमचा जास्त घातला.

मग घूंच काहून येत नाही? सुनंदाताई म्हणतात, काही बारीक आवाज म्हाताऱ्या कानांना लागत नाहीत, त्यांनी पेपरात वाचलं आहे. हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आली तीन दातांची वायर, आणि तिला बसणारे दोन नवे डबे. दुलीचंदने लावून दिले. टोक आत गेलं की ‘खट्’ करून पकडतं, सोडवायला खटका दाबावा लागतो. आजोबांनी ते तीनदा काढून तीनदा लावलं. लहान पोराला कुलूप मिळावं तसं.

गाणं लावलं. केवढं मोठं लावलं म्हणून सांगू! खिडकीच्या काचा थरथरल्या, मागच्या गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. हल्ली ते असंच लावतात, घूंला दाबायला. ‘गेली!’ ते ओरडले. ‘लोकेशची माय, ऐक, गेली!’ माझा हात धरून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. राखी, हात धरून. मी गाणं कुठलं ऐकते, त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

गाणं संपलं. ते मान वाकडी करून बसून राहिले. मग हळूच हात सोडला.

‘हाये,’ म्हणाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडण झालं. लोकेश नव्या वायरवर पुन्हा नवी वायर बघत होता, सोन्याचं पाणी दिलेली. आजोबांनी विचारलं, ती लावून तरी जाईल का. लोकेशचा तोल गेला. ‘बाबा, मी एवढं करून राह्यलो, तुमाले काहीच पटत नाही!’

‘तोंडातल्या तोंडात काय पुटपुटून राह्यला? बापासमोर मोकळं बोलाची हिंमत नाही का?’

पुटपुटतो कसला! सुनंदाताईंना त्यांच्या अंगणात ऐकू गेलं. पण रागात माणसाला दुसऱ्याचं काही कळत नाही. लोकेश ताटावरून उठला. आजोबांनी सांगून टाकलं, सगळं बांधतो आणि रामपायली गावातल्या पुतण्याला, खेमराजला देऊन टाकतो, त्याच्याकडे पोरं आहेत, त्यांना चालेल. ‘अन् रविवार बंद. कायमचा. प्रेमलालले सांगजो, चटई आपल्या घरी नेऊन ठेव म्हणा.’

बाप-लेक दोघंही बोलत नाहीत. मी दोघांच्या मध्ये दाराशी बसते. माझा रविवार गेला. माझी शाळाच होती ती, पण हे मी कुणाला म्हटलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज लिहिताना सुनंदाताईंचा हात मधेमधे थांबतो आहे, अक्षर वाईट आलं तर मला नाव ठेवू नको.

जेवणानंतर लाइट गेली. तारांचं काम होतं, सगळ्या वॉर्डाची बंद. पंखा थांबला, फ्रिज थांबला, कोपऱ्यावरची पिठाची चक्की थांबली. घर इतकं शांत झालं की तुझ्या आईचं बोट बांगडीवर फिरलेलं ऐकू यावं.

मी आजोबांना चहा घेऊन गेले. ते खेमराजसाठी सामान बांधत होते. डबे खोक्यात गेले होते, वायर त्यांच्या हातात होती, ते तिची गुंडाळी करत होते.

वर न बघता म्हणाले, ‘पाह्य. लाइट नाही, तरी साली घूं करून राह्यली.’

मी कप टेबलावर ठेवला. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. माझे कान चांगले आहेत! अंगातून ओझं उतरलं, मी हसलेसुद्धा. मग त्यांच्याकडे पाहिलं.

‘अजी,’ मी मोठ्याने म्हटलं, ‘वायर कुठं हाये?’

‘हे काय, हातात.’

‘अन् मशीन?’

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. भिंतीतल्या प्लगच्या रिकाम्या भोकांकडे पाहिलं. गुंडाळी हळूहळू सुटून मांडीवर पडली. मग एक हात उचलून कानावर ठेवला, दाबला, काढला, पुन्हा दाबला.

‘सकाळी उठल्यापासून असते,’ म्हणाले. ‘मले वाटे, भिंतीतून येते.’

मी त्यांच्याजवळ खाटेवर बसले. चहा तसाच राहिला.

‘लोकेशले नको सांगजो,’ ते म्हणाले.

मी हौ म्हटलं नाही. ह्या वेळी ‘नाही, सांगीन’ म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर एकच गोष्ट घोळत होती, त्यांचं कसं सांगावं. सकाळी वाटलं, त्यांचं कशाला, मी माझंच सांगते.

चहाला सगळे होते. बाप-लेक दोन तोंडं दोन दिशांना. मी म्हटलं, ‘मले काही सांगाचं हाये. ते घूं मले कधीच ऐकू नाही आली. एक दिवस नाही. मी खोटं हौ म्हटलं.’

तुझी आई कप घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘मले बी नाही आली, आई. तुमी साऱ्यांनी म्हटलं म्हणून...’

लोकेश खाली बघत होता. ‘बाबा, मले बी नाही. मले वाटलं तुमचे कान तयार हायेत, आयुष्यभर गाणं ऐकलं तुमी. मले समजत नसेल.’

कुंपणापलीकडून आवाज आला, ‘मलाही नाही हो!’ सुनंदाताई. कपडे वाळत घालत होत्या. हे बघ, हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. पंधरा दिवस माझं बहिरेपण वहीत उतरवत होत्या, पण स्वतःचं बोलल्या नाहीत. ‘तुम्हाला नाही, पण मुलांना येते म्हटल्यावर मला वाटलं, माझेही गेले. मीही घाबरले होते, जिजाबाई.’ एवढ्या शिकलेल्या बाई, आणि अगदी माझ्यासारख्या वागल्या. मला फार बरं वाटलं.

आजोबांना निम्मं ऐकू गेलं, निम्मं त्यांनी आमच्या तोंडांवरून वाचलं. ‘मंग सगळ्यांनी हौ काहून म्हटलं बे?’

लोकेश म्हणाला, ‘तुमी म्हटलं होतं ना बाबा, येते म्हणून.’

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. ‘जंगल खात्यात साहेबाले जन्मभर हौ साहेब, हौ साहेब केलं. घरी येऊन तुमाले तेच शिकवलं, दुसरं काय.’

मी म्हटलं, ‘लोकेशच्या वायरीत काय होतं? सारखं असते ते कचरा. आपण सारे सारखं बोललो.’

‘आता तूच उलटं बोल,’ म्हणाले. ‘तुले जमते.’ मग लोकेशकडे वळले. नीट समोर तोंड करून, मोठ्याने म्हणाले, ‘मशीन चांगली हाये. कान बिमार हायेत. कुठं दाखवाचे ते पाह्य.’

लोकेश उठला आणि बापाच्या खुर्चीजवळ खाली बसला. मी तुझ्या आईला म्हटलं, चल, अंगणात बसू.

५ मार्च, बुधवार

गोंदियाला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तुझ्याएवढी असेल, पण विसराळू दिसली नाही. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर झाकणं, आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेबाहेर उभी. त्यांचं बोट खालीच. मला वाटलं अजून मशीन सुरू झालं नसेल. शेजारची पोरगी म्हणाली, ‘आजी, चालू आहे कधीचं.’

काय वाटलं ते सांगता येत नाही, राखी. मी काचेवर टकटक केली. त्यांना ते कुठून ऐकू येणार. पण त्यांनी वर पाहिलं, आणि मला बघून बोट वर केलं. डॉक्टरीण ओरडली, ‘चीटिंग नहीं चलेगी!’

बाईंनी समजावलं. बाहेरचं ऐकू येणं कमी झालं की कान आपलाच आवाज काढतो. घूं पूर्ण जाईल असं नाही, पण कानात मशीन घातलं की बाहेरचे आवाज आत येतात आणि ती मागे पडते. मग लोकेशने विचारलं, कुठली वायर चांगली होती. बाई हसल्या. म्हणाल्या, ते दुकानदाराला विचारा.

मी माझेही कान तपासून घेतले. बाई म्हणाल्या, ‘आजी, तुमच्या वयाच्या मानाने फार चांगले.’ हे वाक्य दोनदा लिहा म्हटलं, सुनंदाताईंनी एकदाच लिहिलं.

१६ मार्च, रविवार

आज बैठक झाली.

जुने डबे जुन्या जागी, हातभर लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेले. नवे डबे दुलीचंदने परत घेतले. तीन दातांची वायर देऊन मात्र तसलीच एक लांब वायर आजोबांनी त्याच्याकडून विहारासाठी मागून घेतली. तिथे माइक एका टोकाला अन् मशीन दुसऱ्या टोकाला असतं, तिथं तिचं काम आहे. खेमराजला रामपायलीला निरोप गेला की काही मिळणार नाही. तो रागावला आहे, चालायचंच.

प्रेमलालभाऊ सगळ्यांच्या आधी आले. आजोबांनी कानात नवं मशीन घालून आवाज लावला, तो इतका हळू की मागून कुणीतरी म्हणालं, ‘बडेबाबू, थोडा वाढवा जी.’ त्यांनी ऐकलं आणि वाढवला.

पण मला सांगायचं आहे ते सकाळचं. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. आपल्याशीच म्हटलं, अगदी ओठांत, जशी रोज म्हणते, ‘महाराज आज अंघोळ करतील, का पाहुण्यांसमोर तसेच बसतील?’

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, ‘पाणी तापलं की करीन. अन् महाराज नाही, बडेबाबू.’

राखी, हात पिठातच राहिला. रुसले नव्हते गं. मी वर्ष-दीड वर्ष एकटीच बोलत होते, आणि मला वाटायचं, माझ्याशी बोलायचं राहिलं नाही त्यांचं. डोळे पुसायला हात पिठाचे. तुझ्या आईने पदराने पुसले, आणि विचारलं नाही कशाला.

तेवढ्यात बाहेरून पुन्हा, ‘अन् साखर एकच चमचा. मले ऐकू येते आता.’

म्हणजे मला त्रासच होणार आहे. ओठांत बोलायची सोय गेली.

आता काम ऐक, आणि हे तरी विसरू नको. पुढच्या आठवड्यात लोकेश नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती संत्र्याची बर्फी पाठवजो, मऊ, ताजी. ह्यांच्यासाठी कुरकुरीत काही नको पाठवजो. कानात मशीन घालून काल पापड खाल्ला तर दचकून उठले, म्हणाले डोक्यात गिट्टी फुटून राह्यली. माझ्यासाठी मात्र चिवडा पाठवजो, भाजक्या पोह्यांचा, चांगला कडक, लसूण जास्त घातलेला. मी त्यांच्या शेजारी बसून खाईन.